शनाया येण्यापूर्वीचे घर

सातपुड्याच्या पायथ्यालगत, अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, कापूस-तुरीच्या शिवारात हिवरखेड वसलेले आहे. २०१७ साली कुटुंबभेटींच्या निमित्ताने आमचे तेथे जाणे होत असे. आपली घरे तेथे थोडी. त्यामुळे संध्याकाळची प्रार्थना एका घरी आणि जेवण दुसऱ्या घरी, असा क्रम ठरलेला. अशाच एका संध्याकाळी घरातील आजीबाईंनी आम्हांस संकोचून विनविले, "फादर, राधिका लागाच्या आंधी प्रार्थना आटपली तं बरं होईन." आम्ही हसलो आणि प्रार्थना वेळेत आटोपली. नंतर त्या कुटुंबासमवेत दूरचित्रवाणी संचासमोर बसलोही. त्या दिवसापासून 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेशी आमचा परिचय झाला. पुढे अनेक घरांत, अनेक संध्याकाळी, तो वाढत गेला.

मालिकांवर लिहिणे हे धर्मगुरूचे काम नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जी कथा आठवड्यातून सहा दिवस आपल्या घरांत येऊन बसते, जिच्या वेळेप्रमाणे प्रार्थनेची वेळ पुढेमागे होते आणि जिच्यातील नवरा-बायकोंची उदाहरणे आमच्यासमोर समुपदेशनाच्या वेळी दिली जातात, तिच्याविषयी मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. मालिका २०२१ साली संपली. तिचा कोलाहल आता शांत झाला आहे. म्हणूनच तिच्याकडे स्वस्थपणे पाहता येईल.

ऑगस्ट २०१६ मध्ये 'झी मराठी' वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे चालली आणि बराच काळ लोकप्रियतेत अग्रभागी राहिली. कथेचे बीज साधे आहे. नागपूरकडची राधिका लग्न होऊन मुंबईकर झालेल्या गुरुनाथ सुभेदाराच्या घरी नांदते आहे. अथर्व नावाचा मुलगा आहे. ती घर सांभाळते, पैशाला पैसा जोडते, चार माणसांना प्रेमाने खाऊ घालते आणि आपल्या मुलखाची बोली मोकळेपणाने बोलते. गुरुनाथाच्या लेखी ती 'काकूबाई' आहे. त्याचे मन शनाया नावाच्या आधुनिक वेशभूषेच्या तरुणीकडे ओढले गेले आहे. राधिकेला हे कळते आणि तेथून संघर्ष पेटतो. अनिता दाते यांनी राधिका, अभिजीत खांडकेकर यांनी गुरुनाथ आणि रसिका सुनील यांनी (मधल्या काळात ईशा केसकर यांनी) शनाया साकारली.

विषय नवा नव्हता. १९९९ साली तत्कालीन 'अल्फा मराठी'वर सुरू झालेल्या 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी याच दुःखातून गेली होती. परंतु सुधा ही प्राध्यापिका, शहरी, प्रमाण मराठी बोलणारी. राधिकेच्या रूपाने प्रथमच आपल्या मुलखाची एक गृहिणी महाराष्ट्राच्या घराघरांत नायिका म्हणून पोहोचली. वऱ्हाडातील स्त्रियांनी तिला आपली मानले, यात नवल नाही. 'करून राहिली', 'जाऊन राहिली' ही क्रियापदांची ठेवण, 'बाप्पा' हा उद्गार, हे सारे पडद्यावर ऐकताना हिवरखेडच्या त्या आजीबाईंच्या मुद्रेवर जो आनंद आम्ही पाहिला, तो खोटा नव्हता. नागपूरकडची बोली आणि अकोल्याची वऱ्हाडी यांत फरक आहे, हे आजीबाईंना चांगले ठाऊक होते. तरीही आपल्या बोलीची बहीण दारात आली, इतके त्यांना पुरेसे होते.

मात्र आमची पहिली तक्रार येथूनच सुरू होते. राधिकेची बोली मालिकेत प्रथम ऐकू येते ती बहुधा हास्याचे निमित्त म्हणून. तिच्या बोलण्यावर गुरुनाथ खजील होतो, शनाया नाक मुरडते आणि प्रेक्षक हसतो. लेखकाचा हेतू राधिकेची बाजू घेण्याचा आहे, हे मान्य. परंतु प्रेक्षकाचे हसू शनायाच्या हसण्यापासून वेगळे कसे ओळखावयाचे? उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तीतील कष्टाळू, मानी कौतिक आणि कर्तृत्वशून्य महादेव हेही एक विजोड जोडपे आहे. त्यांचे संवाद अस्सल वऱ्हाडी बोलीत आहेत. पण ती कादंबरी वाचताना कोणासही त्या बोलीचे हसू येत नाही. कारण तेथे बोली ही पात्राच्या अंगावर चढविलेली खूण नसून त्याच्या दुःखाचा श्वास आहे. कौतिक वऱ्हाडीत विचार करते, वऱ्हाडीत रागावते आणि वऱ्हाडीतच खचते. राधिका पुष्कळदा वऱ्हाडी 'बोलून दाखविते'. हा दोष अनिता दाते यांचा नव्हे. विदर्भाबाहेरच्या असूनही त्यांनी त्या बोलीला स्वतःची ऊब दिली. दोष संहितेचा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मालिकेच्या शीर्षकापासूनच आपले लक्ष 'दुसऱ्या बाई'कडे वेधले जाते. जणू शनाया आली आणि सुखाचा संसार मोडला. आमच्या मते मालिकेतील सर्वांत खरे प्रसंग शनायाच्या कारस्थानांत नाहीत. ते शनाया येण्यापूर्वीच्या घराची चाहूल देणाऱ्या लहानसहान क्षणांत आहेत: चारचौघांत बायकोची ओळख करून देताना नवऱ्याची होणारी टाळाटाळ, तिच्या बोलण्यावर त्याचा चढणारा पारा, तिने काटकसरीने वाचविलेल्या पैशाची त्याला वाटणारी लाज. ज्या घरात पतीला पत्नीची लाज वाटू लागते, त्या घराचे दार आधीच उघडे पडलेले असते. त्यातून आत येणारीचे नाव शनाया असो वा अन्य काही. विवाह व्यभिचाराने मोडतो हे खरे. परंतु त्याच्या कितीतरी आधी तो तुच्छतेने पोखरला जातो. मालिकेला हे सत्य गवसले होते. पहिल्या काही महिन्यांत त्याची चमक दिसते. पुढे मात्र तिने ते हातचे सोडून दिले.

ते का सोडून दिले, हे समजण्यासाठी वाचकांना सीमेपलीकडच्या दोन मालिकांकडे न्यावे लागेल. पाकिस्तानी नाटकमालिकांची ख्याती आपल्याकडे जुनी आहे. १९८५ च्या 'तनहाइयां' आणि १९८७ च्या 'धूप किनारे'च्या ध्वनिचित्रफिती भारतातही पाहिल्या जात. जून २०१४ मध्ये झी समूहाने 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू केली आणि त्या देशाच्या नव्या मालिका रीतसर आपल्या घरांत आल्या. मराठी कुटुंबांनीही त्या आवडीने पाहिल्या. उरीच्या हल्ल्यानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, वाहिनीने पाकिस्तानी कार्यक्रम थांबविले. राधिकेची कहाणी सुरू होऊन त्या वेळी जेमतेम महिना झाला होता. म्हणजे एकाच प्रेक्षकाने, एकाच संचावर, कौटुंबिक कलहाच्या या दोन परी लागोपाठ पाहिल्या. तुलना आम्ही ओढूनताणून करीत नाही.

त्यांपैकी 'जिंदगी गुलजार है' ही मालिका उमेरा अहमद यांनी लिहिली व सुलताना सिद्दिकी यांनी दिग्दर्शित केली. कशफ ही तिची नायिका. मुलगा झाला नाही म्हणून तिच्या पित्याने दुसरा विवाह केला आणि तीन मुलींना त्यांच्या आईने, रफियाने, शिक्षिकेची नोकरी करून वाढविले. कशफ शिकून सरकारी अधिकारी होते. श्रीमंत घरच्या जारूनशी तिचा विवाह होतो. त्यांच्या संसारात कोणतीही शनाया घर फोडावयास येत नाही. जे येते ते दोघांनी आपापल्या माहेराहून, आपापल्या बालपणाहून बरोबर आणलेले असते: तिचा पुरुषजातीवरचा अविश्वास आणि त्याचा स्त्रीने कसे असावे याविषयीचा हट्ट. ती एक गोष्ट त्याच्यापासून दडविते, त्याला ती अन्य मुखातून कळते आणि दोघे दुरावतात. शेवटी त्यांच्या घरी जुळ्या मुली जन्मतात आणि पिता आनंदाने त्यांना उचलून घेतो. ज्या कारणासाठी कशफच्या आईचा संसार मोडला, तेच कारण लेकीच्या घरी आशीर्वाद ठरते. हे सारे सव्वीस भागांत सांगून होते.

सव्वीस भाग! आमच्या मते सारे रहस्य या आकड्यात आहे. ज्या कथेला शेवट ठाऊक असतो, तिच्यातील माणसांना बदलावे लागते. कोणीतरी चूक कबूल करावी लागते, कोणीतरी क्षमा करावी लागते, अथवा आता एकत्र राहणे नाही, असा निर्णय तरी घ्यावा लागतो. आपल्याकडील दैनंदिन मालिकेला मात्र शेवट हाच शत्रू वाटतो. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांची बारा वर्षे झाली. अशा रचनेत कोणालाही सुधारणे परवडत नाही. गुरुनाथ खरोखर पश्चात्ताप करील तर उद्याचा भाग कशावर उभा राहील? म्हणून तो पश्चात्तापाचे सोंग घेतो, पकडला जातो, पुन्हा कारस्थान रचतो, पुन्हा पकडला जातो. हळूहळू तो माणूस न राहता विदूषक होतो. आणि विदूषकाकडून प्रेक्षक काही शिकत नाही. गुरुनाथासारखा वागणारा आमच्या ओळखीचा एकही पती ती मालिका पाहून ओशाळला नाही. पडद्यावरचा गुरुनाथ इतका हास्यास्पद होता की त्यात स्वतःला ओळखण्याची गरजच कोणास भासली नाही.

राधिकेचेही असेच झाले. आरंभीची राधिका एक दुखावलेली पत्नी होती. पुढे ती मसाल्याचा उद्योग उभारते, यशस्वी होते, कोट्यवधींच्या कंपनीची मालकीण होते. स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. वऱ्हाडातील बचतगटांत पापड, मसाले, शेवया करणाऱ्या भगिनींना या कथानकाने धीर दिला असेल, तर तेही आम्ही आनंदाने नोंदवू. परंतु त्यामागे दडलेला तर्क पाहा. ज्या स्त्रीचा अपमान तिच्या साधेपणामुळे झाला, तिचा सन्मान तिच्या संपत्तीमुळे होतो. म्हणजे गुरुनाथाचे मोजमापच मालिकेने मान्य केले. फक्त त्या मापात राधिकेला उंच करून दाखविले. समजा, राधिकेला कंपनी उभारता आली नसती. ती भाजी निवडीत, मुलाचा अभ्यास घेत, आपल्या बोलीत बोलत साधी गृहिणीच राहिली असती. मग तिच्या अपमानाचे परिमार्जन कशाने झाले असते? मालिकेपाशी या प्रश्नाचे उत्तर नाही. आणि आमच्या धर्मग्रामांतील बहुसंख्य भगिनी तर अशाच आहेत.

एका बाबतीत मात्र मराठी मालिकेला आम्ही पाकिस्तानी मालिकांहून अधिक गुण देऊ. 'हमसफर' ही फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरील मालिका खूप गाजली. तीत गरीब घरच्या खिरदचा संसार तिची सासू फरीदा कपटाने मोडते. सुनेच्या चारित्र्यावर किटाळ आणून तिला घराबाहेर काढते, आणि पती अशर त्यावर विश्वास ठेवतो. दुष्ट सासू हे आपल्याकडीलही जुनेच प्यादे. राधिकेच्या घरी याच्या उलट घडते. सासू-सासरे पोटच्या मुलाची बाजू न घेता सुनेच्या मागे उभे राहतात. 'आमचा मुलगा चुकला' असे म्हणणारे आईबाप मराठी घरांत आपण किती पाहतो? विवाह दोघांचा असला, तरी त्याची राखण दोन्ही घरांनी करावयाची असते. कुटुंबाच्या अपेक्षा सुनेच्याच डोक्यावर न ठेवता मुलाकडूनही काही अपेक्षा करावी, हे या मालिकेने लक्षावधी घरांना दाखविले. तिच्या सर्व दोषांपुढे हे एक पुण्य आम्ही ठेवतो.

पाकिस्तानी मालिका निर्दोष आहेत, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. 'जिंदगी गुलजार है'मध्ये मुरड घालणाऱ्या स्त्रीला सुख आणि मुरड न घालणाऱ्या स्त्रीला दुःख, असा हिशेब स्पष्ट दिसतो. जारूनची बहीण सारा हिचा संसार मोडतो, तेव्हा दोषाचे माप तिच्याच पदरी अधिक पडते. घराबाहेर रमणारी त्याची आईदेखील लेखिकेच्या रोषातून सुटत नाही. कशफसारखी बुद्धिमान नायिकाही अखेरीस पतीच्या कलाने घेऊ लागते, तेव्हा तिच्यासाठी आनंद मानावा की हळहळावे, हे आम्हांस ठरविता आले नाही. तरीही त्या मालिकेत पती आणि पत्नी एकमेकांच्या समोर बसून बोलतात. रागाने, अडखळत, कधी अन्यायाने, पण बोलतात. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये राधिका आणि गुरुनाथ एकमेकांवर पाळत ठेवतात, एकमेकांना शह देतात, भर समारंभात उघडे पाडतात. दोघेच एका खोलीत बसून 'तुला माझी लाज का वाटते?' हा एकच प्रश्न पुरता बोलून संपवीत नाहीत.

२०१६ साली, राधिकेची कथा सुरू होण्यापूर्वी काही महिने, पोप फ्रान्सिस यांचे कुटुंबातील प्रेमावरील प्रबोधनपत्र प्रसिद्ध झाले होते. संसारात तीन लहान शब्दांची कृपणता करू नये, असे ते त्यात सांगतात: अनुमती मागणारा शब्द, आभाराचा शब्द आणि क्षमायाचनेचा शब्द. साडेचार वर्षांच्या त्या मालिकेत हे तीन शब्द मनापासून, कपटाविना, पती-पत्नींमध्ये किती वेळा उच्चारले गेले, हे वाचकांनी स्वतः आठवून पाहावे. कोणत्याही कौटुंबिक मालिकेस लावण्याजोगी ही कसोटी आहे, आणि तीसाठी कोणा समीक्षकाची गरज नाही.

हे सारे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे एक कारण आहे. त्याच परिसरातील एक कन्या विवाह होऊन मोठ्या शहरात गेली. स्थळ चांगले, मुलगा निर्व्यसनी, दोन्ही घरे आनंदात. वर्षभराने ती माहेरी आली तेव्हा आम्ही भेटावयास गेलो. एरवी घर डोक्यावर घेणारी ही मुलगी कोपऱ्यात गप्प बसून होती. आईस वाटले, थकली असेल. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "फादर, म्या बोलनंच कमी केलं. तोंड उघडलं का हे हासतात, यायचे मित्रबी हासतात. मंग कायले बोलाव?"

तिच्या घरी कोणी शनाया नव्हती. मारझोड नव्हती, हुंड्याची मागणी नव्हती. तक्रार करावी असे नाव घेण्याजोगे काहीच नव्हते. म्हणूनच माहेरच्यांनी तिला समजाविले ते राधिकेचे उदाहरण देऊन: बघ, तिने किती सोसले, शेवटी तिचेच चांगले झाले! आम्ही तेथे होतो आणि त्या वेळी आम्हीही धीर धरण्याविषयी दोन शब्द बोललो. त्या दोन शब्दांची आज आम्हांस खंत वाटते. तिला धीराची गरज नव्हती. तिच्या पतीला कोणीतरी सांगावयास हवे होते की, तू जिच्या बोलीला हसतोस, तिने वेदीसमोर तुला 'होय' म्हटले ते त्याच तोंडाने. हे सांगण्याचे काम आमचे होते. पुढे काही महिन्यांनी ते आम्ही केले; पतीने ऐकून घेतले, खाली मान घातली. त्यानंतर त्या घरात काय बदलले, हे त्या दोघांचे आहे. इतकेच सांगतो की परवा तिचा फोन आला, तेव्हा ती बराच वेळ, आपल्या बोलीत, आम्हांस मध्ये बोलू न देता बोलत होती.

मालिका येतील आणि जातील. राधिकेची जागा दुसऱ्या कोणी घेतली आहे. उद्या तिसरी घेईल. त्या पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही आणि आम्हीही त्या पाहिल्याच आहेत. परंतु यापुढे एखाद्या मालिकेत 'दुसरी बाई' दारात उभी राहील, तेव्हा वाचकहो, क्षणभर तिच्यावरची नजर काढून घराच्या आत पाहावे. त्या घरात कोण कोणास हसते आहे, कोण बोलावयाचे थांबले आहे, हे शोधावे. आणि मालिका संपल्यावर, संच बंद करण्यापूर्वी, तीच नजर आपल्या घरावरून एकवार फिरवावी.

हिवरखेडच्या आजीबाई आता नाहीत. मालिकेच्या शेवटच्या दिवसांत आम्ही त्यांना विचारले होते, "राधिकेचे शेवटी चांगले झाले ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "झालं बाप्पा. पन तिच्या नवऱ्याले आखरीलोग काई समजलं नाई." साडेचार वर्षांच्या मालिकेवर याहून नेमकी समीक्षा आम्हांस लिहिता आलेली नाही.